फिरकीच्या तांब्याशेजारी

मित्रांनो, तांब्या म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुंबा म्हणजे काय, हे मात्र तुमच्यापैकी पुष्कळांना सांगावं लागेल. माझ्या दुखण्याची सुरुवात इथूनच होते. तर ऐका. कडू भोपळा वेलीवरच पुरता वाळू द्यायचा, आतून कोरायचा आणि त्यात पाणी भरून रानात न्यायचं, त्याला तुंबा म्हणतात. मी एक जुना तुंबा आहे. भंडारा जिल्ह्यात, आंधळगावच्या पलीकडे एका तलावाकाठी आमचं गाव आहे. तिथे केवळराम ढीवराच्या ओसरीवर मी खुंटीला टांगलेला आहे.

माझा जन्म एकाहत्तर सालचा, लढाईच्या सालचा. त्या पावसाळ्यात केवळरामच्या घराच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, आमचा वेल चढला होता. बाकीचे भोपळे गळाले, किडले. मी टिकलो. उन्हाळ्यात केवळरामच्या बायकोनं, बायाबाईनं, मला खाली उतरवलं, मानेशी भोक पाडलं, बिया काढल्या आणि पोटात खडे घालून खळखळ हलवलं. आमची जात कडू. म्हणून तिनं मला तलावाच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवलं आणि सगळा कडूपणा निघेपर्यंत वर काढलं नाही. मग चुलीवरच्या धुरात मला टांगलं. धुरानं माझा रंग तांबूस झाला. केवळरामनं अंबाडीच्या सुतळीची जाळी माझ्याभोवती विणली. मासे धरायच्या जाळ्याला मारतो तीच गाठ त्यानं मला मारली. लाकडाचं बूच बसवलं आणि माझी नोकरी सुरू झाली.

केवळराम पहाटे डोंगा घेऊन तलावात जायचा, तेव्हा मी डोंग्याच्या टोकाला असायचो. धानाच्या रोवणीला जायचा, तेव्हा बांधावरच्या मोहाच्या फांदीला असायचो. माझ्या पोटात पाणी कसं राहतं म्हणून सांगू! भर वैशाखातसुद्धा थंडगार. येणारा-जाणारा थांबायचा, तोंड वर करून धार घ्यायचा आणि म्हणायचा, "केवळराम, तुह्या तुंब्याचं पाणी का थंडगार हाये गा!" पाणी सगळे वरूनच प्यायचे. तुंब्याला कुणी तोंड लावायचं नाही, नाहीतर पाणी उष्टं होतं, हे आमच्याकडे लहान लेकरालाही कळतं. ती स्तुती ऐकून मी फुगायचो. साधूंच्या हातातला कमंडलू आमच्याच कुळातला असतो, हेही तुम्हाला सांगून ठेवतो. पितळेच्या कुळात किती साधू झाले, ते तुम्हीच शोधा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या गावात महाशिवरात्रीला पहिल्या पाण्याचा मान असतो. गडीमाणसं सकाळी उपाशीपोटी तलावाच्या पाळीवरच्या महादेवाच्या देवळातून निघतात. डोंगरातल्या गायमुखाच्या झऱ्यावर जायचं, पाणी भरायचं, डोंगरावरच्या महादेवाच्या ठाण्यावर चढून तिथल्या पुजाऱ्याकडून कपाळी गंध लावून घ्यायचं, तिथल्या पिंडीवर थोडं पाणी वाहायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. जो आधी येईल, त्याचं पाणी गावच्या पिंडीवर पहिलं पडतं. वर्षभर तलावात पहिलं जाळंही त्याचंच पडतं. पण एक नियम आहे. पळायचं नाही. पळालं की पाणी हिंदकळतं, देवाचा अपमान होतो. कितीही झपझप जा, पण चालत जा.

हा मान पूर्वी केवळरामच्या बापाकडे होता. तो गेल्यावर केवळरामचा चुलतभाऊ धनीराम पुढे आला, आणि एकदा आला तो हलेचना. दरवर्षी तोच पहिला. लग्नात, पंगतीत, बाजारात जिथे जावं तिथे लोक म्हणायचे, "धनीरामचे पाय पाह्यले का? पाय नोहोत बापा, घोडा हाये!" केवळराम तिथून उठायचा, तंबाखूची पिंक टाकायचा आणि वाटभर स्वतःशी बडबडायचा, "बाप माहा, मान माहा, अन् मिरवून तो राहिला!" त्याच्या पोटात दुखायचं, ते मला कळायचं. जळणं काय असतं, ते मला विचारा. मी चुलीवर टांगला गेलेला आहे.

आणीबाणी उठली त्या साली धानाची मळणी आटोपली, आणि केवळरामनं मनावर घेतलं. आता आपणच. यंदा मान घरी आणायचाच. रोज सकाळी मला काठोकाठ भरायचा, खांद्याला अडकवायचा, वर ओलं जाळं टाकायचा आणि तलावाची पाळ चढायचा-उतरायचा. चढायचा-उतरायचा. लोक हसायचे. मग तो बायाबाईच्या मागे आंधळगावच्या बाजाराला जाऊ लागला. बायाबाई डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन निघाली की मोठमोठे गडी मागे पडत. मासोळी वाट पाहत नाही ना! उन्हं चढायच्या आत बाजार गाठायचा म्हणजे पाय उचलावेच लागतात. पहिल्या दिवशी केवळराम कुठल्या कुठे मागे राहिला.

"चाला ना जी!" ती न वळताच ओरडली. "इकडं मासोळी सडून राहिली, अन् तुमी फुलं वेचून राहिले!"

"अवं, तू त पायाले चाकं लावून आली!" केवळराम धापा टाकत म्हणाला.

"डग लांब नोका टाकू. लहान टाका, पन बिगीनं टाका. मी डोक्यावर एवढं ओझं घेऊन कशी जातो मंग?"

बायकोचं ऐकायला त्याच्या जिवावर आलं, पण ऐकलं. हळूहळू त्याचं चालणं बदललं. मग तो गायमुखाकडच्या टेकड्या चढू लागला. दगडगोट्यांतून, सागाच्या वाळक्या पानांवरून, चढ असो की उतार असो, एकाच चालीनं. त्याचा घाम माझ्या सुतळीत मुरला. तहान लागली की तो थांबायचा, धार घ्यायचा आणि माझ्या पोटावर थाप मारून म्हणायचा, "आपन दोघं जाऊ गड्या, मान आनू." दोघं म्हणाला होता तो. मी कानानं ऐकलं आहे.

आणि धनीराम काय करत होता? काही नाही! पाळीवर बसून जाळं शिवत होता. केवळराम समोरून गेला की मान वर करून गोड आवाजात विचारायचा, "दादा, कोठी चालला?"

"हवा खाले," असं म्हणून केवळराम पुढे जायचा. धनीराम सराव करत नाही, याचा त्याला आणखी राग. सराव न करता जिंकणारा माणूस डोळ्यात जास्त सलतो.

शिवरात्र जवळ आली. केवळराम जाळ्याचं सूत आणायला भंडाऱ्याला गेला आणि संध्याकाळी एस.टी.तून उतरला तो काखेत एक पुडकं घेऊन. ओसरीवर बसून त्यानं कागद सोडला. आत काय? फिरकीचा तांब्या! पितळेचा, पोटाला वेलबुट्टी काढलेला, वर फिरवून बसवायचं झाकण आणि धरायला कडी. इतका चकचकीत की त्यात माझं तोंड दिसलं, तेही वाकडं.

बायाबाई म्हणाली, "तुंबा हाये ना घरी. हे कायले आनलं?"

"धनीरामचा लोटा पाह्यला का तू? मानाच्या पान्याले पितळच पायजे. देवाले का तुंब्यात पानी नेऊ? लोक हासतील मले."

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाळीवर कोण चढलं? मी. टेकड्यांवर कोणी दगडांचा मार खाल्ला? मी. आणि मान कुणाला? भंडाऱ्याच्या दुकानात बसून आलेल्या या सोनूबाईला! गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण मी ऐकून होतो, पण इथे तर गरज सरायच्या आधीच वैद्याला मारलं. बायाबाईनं त्याला चिंच आणि राख लावून घासलं. मला कधी कुणी चिंच लावली नाही. तांब्या भिंतीतल्या देवळीत बसला आणि मी खुंटीवर. मी सबंध संध्याकाळ त्याच्याकडे पाहत होतो. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मोठ्या घरचा ना!

पण उपाशीपोटी डोंगर चढायचा म्हणजे प्यायला पाणी हवंच. ते पाणी मात्र माझ्याकडे आलं. शिवरात्रीच्या सकाळी केवळरामनं दुपट्ट्याची गाठ मारली, उजवीकडे तांब्या लटकवला आणि डावीकडे मला. उजवीकडे देवाचं, डावीकडे पोटाचं. देवळाचे गुरव आनंदराव यांनी शंख फुंकला, लोक "हर हर महादेव!" म्हणाले आणि गडी निघाले.

केवळरामची चाल पाहून गावकऱ्यांनी तोंडात बोटं घातली. लहान डग, पण बिगीनं. शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, नाला ओलांडून, पळसाच्या रानातून. एकेक गडी मागे पडला. पुढे एकटा धनीराम, त्याचा लोटा हातात, आणि त्याच्या डोक्याचं पांढरं पागोटं. केवळरामची नजर त्या पागोट्यावरून हलेना. गायमुखाला जत्रेची ही गर्दी! रेवड्यांची दुकानं, त्रिशूळ घेतलेली माणसं, लेकरांची रडारड. आम्ही घुसत घुसत झऱ्याशी पोचलो, तोवर धनीराम भरून निघालाही होता. केवळराम पुटपुटला, "कसा पोचते हा आधी, काय माहीत!" त्यानं तांब्या भरला, माझ्यातलं तलावाचं पाणी ओतून टाकलं आणि मलाही झऱ्याचंच पाणी भरलं. गायमुखाचं पाणी माझ्याही पोटात आलं, हे ध्यानात ठेवा.

मग खरा चढ लागला. उन्हं तापली होती. मोठाले दगड, बांबूच्या काटेऱ्या फांद्या, आणि वर पागोटं. केवळरामच्या घशाला कोरड पडली. थांबून धार घ्यायची म्हटलं तर पागोटं दिसेनासं होणार. त्यानं दातांनी माझं बूच उपटलं आणि चालता चालता सरळ माझ्या तोंडाला तोंड लावलं. मला धक्काच बसला. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. पण खरं सांगतो, मला बरंही वाटलं. तांब्याला कुणी असं जवळ केलं नव्हतं.

ठाण्यावर पोचलो तेव्हा धनीराम गंध लावून उतरत होता. केवळरामनं तांब्याचं झाकण काढलं, पिंडीवर पाणी वाहिलं, कपाळ पुढे केलं आणि झाकण बसवलं. पण डोळे कुठे होते? पागोट्यावर! झाकणाची फिरकी आडवी बसली. त्यानं तशीच पिळली आणि निघाला.

उतरताना एक थेंब उडून माझ्या अंगावर पडला. मग दुसरा. तांब्या गळत होता, मित्रांनो! केवळराम डग टाकायचा तसा तांब्या हिंदकळायचा आणि आडव्या झाकणातून पाण्याची बारीक धार त्याच्या धोतरावरून खाली जायची. धोतर घामानं आधीच चिंब, त्याला काही कळेना. मला कळत होतं. मला ओरडता येत नाही. येत असतं तरी मी ओरडलो नसतो. गळ म्हटलं, आणखी गळ! चिंचेनं घासून घेतोस काय!

पळसाच्या रानातल्या नाल्याशी धनीराम थांबलेला दिसला. त्याच्याजवळ प्यायचं पाणी नव्हतं, आणि लोट्यातलं देवाचं. तो नाल्यात उतरून ओंजळीनं पाणी पीत होता. केवळरामनं पुन्हा मला तोंडाला लावलं आणि घटाघट पीत, चाल न मोडता त्याच्या शेजारून निघून गेला. धनीरामनं ओंजळीतून मान वर करून पाहिलं. अशा रीतीनं केवळराम पुढे आला. माझ्यामुळे आला. हे कुणी कुठे सांगत नाही, म्हणून मीच सांगतो.

गाव दिसलं. पाळीवर माणसंच माणसं. "केवळराम! अरे, केवळराम आला!" बायाबाई आनंदानं रडायलाच लागली. आनंदरावांनी शंख फुंकला. केवळराम देवळाच्या पायरीवर उभा राहिला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि चेहऱ्यावर असं हसू, जे मी त्याच्या लग्नाच्या गोष्टीतही ऐकलं नव्हतं. त्यानं ऐटीत तांब्या सोडला, झाकण उघडलं आणि पिंडीवर उपडा धरला.

दोन थेंब पडले.

केवळराम तांब्यात डोकावला, झाकणाकडे पाहिलं, ओल्या धोतराकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड उतरलं. मागून कुणीतरी हसलं. तेवढ्यात आनंदरावांची नजर माझ्यावर पडली.

"तुंब्यात पानी हाये का?"

"हाये जी," केवळराम म्हणाला.

"गायमुखाचंच?"

"गायमुखाचंच."

"मंग रडून काहून राहिला? तुंबा त साधूच्या हातचा. तुंब्यातलं वाहा." आनंदराव हसले. मग हात वर करून थांबले. "उष्टं त नाही ना?"

मित्रांनो, मी आयुष्यात एवढा कधी ताठ झालो नव्हतो. नाही म्हण! नाही म्हण, केवळराम! कोण पाहायला आलं होतं तिथे डोंगरात? एक शब्द बोल, आणि माझं पाणी देवावर पडेल, पितळेचा तो शहाणा पायरीवर बसून पाहील! केवळरामचे ओठ हलले. हात माझ्या बुचावर गेला आणि तिथेच थांबला. त्याला मान हवा होता. अख्खा हिवाळा त्यानं त्यासाठी घाम गाळला होता.

एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि धनीराम आत आला. हातात भरलेला लोटा. त्यानं रिकामा तांब्या पाहिला, मला पाहिलं, केवळरामचं तोंड पाहिलं. सगळं त्याला कळलं. नाल्याशी त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"उष्टं कायचं जी?" धनीराम हळूच म्हणाला. "दादा वरून पेला. मी मागंच होतो ना. पाह्यलं मी."

खोटं बोलला तो. भावासाठी, देवळात उभा राहून. झालं! आता तर साक्षीदारही मिळाला. मी म्हटलं, वाहा, वाहा लवकर!

पण केवळरामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं ज्याच्यावर जळला, त्याच्या मेहेरबानीचा मान? त्याचे कान लाल झाले.

"खोटा बोलते हा!" तो ओरडला. "उष्टं हाये! तोंड लावून पेलो मी, एकदा नाही, दोनदा. तुह्या दयेचा मान मले नाही पायजे, धनीराम! वाहा तू तुहं पानी!"

लोक नंतर म्हणाले, केवळराम किती सच्चा माणूस. मी त्याच्या खांद्यावर होतो, मला ठाऊक आहे. तो सत्यासाठी बोलला नाही, जळून बोलला. पण बोलला खरं, आणि ते बोलताना त्याचा सगळा हिवाळा पाण्यात गेला.

धनीरामनं पाणी वाहिलं. घंटा वाजली. केवळराम पायरीवर बसला, गुडघ्यांत डोकं घालून. बायाबाई जवळ आली. ती नुसती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

पूजा आटोपून धनीराम बाहेर आला. उन्हानं त्याचे ओठ फुटले होते. तो केवळरामच्या शेजारी बसला आणि काही न विचारता त्यानं त्याच्या खांद्यावरून मला काढलं, बूच उपटलं.

"अबे, उष्टं हाये ते!" केवळराम दचकून म्हणाला.

"भावाचं उष्टं का उष्टं असते?" असं म्हणून धनीरामनं मला तोंड लावलं. सगळ्या गावासमोर, वरून धार न घेता, लहान लेकरासारखं. घोट घोट घोट. केवळराम पाहतच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं दुपट्ट्यानं पुसलं आणि मग माझ्याकडे हात केला.

"सारं नोको पिऊ, बे! मले बी ठेव."

दोघांनी मला आळीपाळीनं तोंड लावून रिकामं केलं. देवाला चाललं नाही ते पाणी त्यांना चाललं. मी त्या दिवशी देवावर पडलो नाही, हे माझं दुःख आहेच, ते मी लपवत नाही.

पुढच्या साली दोघे बरोबर सराव करू लागले. कधी हा आधी आला, कधी तो. पाणी मात्र दर वेळी तांब्यातूनच पडलं, आता झाकण बायाबाई तपासून द्यायची. म्हणून त्या जिंकण्या-हरण्यात मला रस उरला नाही. मग ऐंशीच्या पुढे घरात तेलाची रिकामी प्लॅस्टिकची कॅन आली. रानात ती जाऊ लागली. तिच्यातलं पाणी दुपारी चहासारखं गरम होतं आणि त्याला तेलाचा वास येतो, तरी तीच जाते. तांब्या देवळीत चकचकतो. माझ्या पाठीवर कोळ्यानं जाळं विणलं आहे, आणि गाठ मारायची अक्कल त्याला केवळरामच्या निम्मीही नाही.

मित्रांनो, कुणावर जळू नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. कोणत्या तोंडानं सांगू? मी आजही त्या तांब्यावर जळतो, आणि आता कॅनवरही. पण एक मागणं आहे. तुमच्या घरात खुंटीवर, माळ्यावर, दाराआड कुणी जुना कामाचा गडी पडलेला असेल, तर त्याला नुसता पुसून ठेवू नका. तुंबा ओला राहिला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, आणि कोरडा टांगला तर एखाद्या उन्हाळ्यात आपोआप तडकतो. माझ्या मानेशी बारीक रेघ उमटली आहे. या उन्हाळ्यात कुणी माझ्यात पाणी भरा. मग कुणीही प्या, वरून प्या की तोंड लावून प्या.